सात सूत

वहिनीच्या दुकानात काहीही चालायचं, पण एकट्यानं घेतलेलं माप चालायचं नाही. एकीनं टेप लावून आकडा मोठ्यानं बोलायचा, दुसरीनं तितक्याच मोठ्यानं तो परत म्हणायचा आणि मगच वहीत उतरवायचा. "कंबर साडेचाळीस." "साडेचाळीस!" असा पुकारा झाला की गिऱ्हाईक कानकोंडं व्हायचं, कारण त्याचा घेर समोरच्या चपलांच्या दुकानापर्यंत जाहीर झालेला असायचा. पण बावीस वर्षांत एक बाही आखूड गेली नव्हती की एक कोट परत आला नव्हता.

हा नियम टेपताईचा. टेपताई म्हणजे वहिनीची नणंद. गळ्यातला टेप ती फक्त आंघोळीला काढते अशी बोलवा होती. वहिनी कापायची, टेपताई शिवायची, आणि वहिनीचा नवरा, म्हणजे टेपताईचा धाकटा भाऊ, काज-बटण आणि इस्त्री बघायचा. दोघींचं पटायचं का? दिवसातून तीनदा खडाजंगी व्हायची. गिऱ्हाईक आलं की भांडण टाचणीनं टोचून बाजूला ठेवायचं, आणि ते गेलं की जिथं टोचलं होतं तिथून पुढे सुरू करायचं. चिडवायचं असलं की वहिनी तिला "वन्सं" म्हणायची, आणि टेपताई खरोखरच चिडायची.

अशा घरात नियम मोडला तो खुद्द टेपताईनं.

वहिनीच्या डाव्या स्तनात गाठ लागली. फोटो झाले, सुई घालून तुकडा तपासून झाला आणि गुरुवारी रिपोर्टचं पाकीट हातात आलं. कॅन्सर आहे एवढं फोनवर कळलंच होतं. सर्जनबाईंची वेळ मिळाली सोमवारची. वहिनीनं पाकीट न उघडता टेपताईकडे दिलं.

"मला एक अक्षर वाचून दाखवू नकोस. सोमवारी बाई सांगतील तेव्हा एकदाच काय ते ऐकेन."

"आणि मी वाचलं तर?"

"तू वाचणारच. फक्त तोंडाला कच्चा टाका घाल."

टेपताईनं ते मागच्या खोलीत, अस्तराच्या गठ्ठ्यांवर बसून, एकटीनं वाचलं. तिचं इंग्रजी फॅशनच्या पुस्तकांपुरतं होतं. बाकी ओळी डोक्यावरून गेल्या, पण आकडा दिसला: दोन, टिंब, दोन. आता इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत, आणि दुकानाच्या वहीत दोन-टिंब-दोन म्हणजे दोन इंच दोन सूत. सरळ सव्वादोन इंच. आकड्याच्या पुढे आणखी दोन बारीक अक्षरं होती, पण दुकानाच्या वहीत आकड्यापुढे कधी काही लिहिलेलं नसायचं, त्यामुळे तिची नजर तिथवर गेलीच नाही. परत म्हणायला समोर कुणी नव्हतं.

सव्वादोन इंच! टेपताईच्या तोंडचं पाणी पळालं.

तिची आई याच आजारानं गेली होती. तीस वर्षं झाली त्याला. डॉक्टरांनी वडिलांना आणि काकांना व्हरांड्यात नेऊन काय ते सांगितलं, आणि वडिलांनी आत येऊन आईला एवढंच सांगितलं की किरकोळ आहे, काढून टाकू. काय काढलं ते आईला पट्टी सोडल्यावर कळलं. तुला काय हवंय, असं तिला शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. वीस वर्षांची टेपताई तेव्हा दाराशी उभी होती, आणि तिनंही विचारलं नाही. ते तिला अजून सलत होतं. आता वहिनी गेली तर आपण दुसऱ्यांदा पोरक्या होणार, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं. तेव्हा राखून ठेवण्याची भानगड नको, सगळं मुळापासून काढायचं आणि लगेच काढायचं, असं तिनं गठ्ठ्यांवर बसल्याबसल्या ठरवून टाकलं.

पण ठरवलं तरी चार दिवस काढायचे होते, आणि टेपताईला हात रिकामे ठेवता येत नसत. तिनं अंगाच्या रंगाचं अस्तर घेतलं, वहिनीच्या मापाचा एक स्तन शिवला, आत कापूस भरला आणि ओव्हरकोटाचं सगळ्यात मोठं बटण, पुरतं सव्वादोन इंची, आत घालून वरून टाके मारले. सर्जनबाईंना दाखवून एकेक गोष्ट विचारायची, काही सुटायला नको. काम झाल्यावर तिनं हातात घेऊन बघितलं. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण माप ते माप.

वहिनी मात्र शुक्रवार, शनिवार, रविवार गुणगुणत एका नवरीचा गाऊन कापत होती.

"तुला चिंता कशी वाटत नाही गं?"

"चिंतेलाही सोमवारचीच वेळ दिलीय." मग कात्री थांबवून तिनं काखेजवळ हात लावला. "हाताला तर एवढीशी लागते. द्राक्षाएवढी."

"कोटाचं अस्तर बाहेरून दिसतं का?" टेपताई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

 भाऊनं दोन कॉलरी जाळल्या आणि एका शर्टाला दोन्ही बाजूंनी काजंच केली. बटण लावायला जागाच राहिली नाही.

सोमवारी तिघं दवाखान्यात गेले. आत दोघींनीच जायचं ठरलं, कारण भाऊची सकाळपासूनच पाचावर धारण बसली होती. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, कागद अंथरलेली तपासणीची खाट आणि कोपऱ्यात काट्याचं वजनयंत्र. सर्जनबाई चष्मा डोक्यावर चढवून रिपोर्ट वाचत होत्या.

"घरात आधी कुणाला झाला होता?"

"आईला," टेपताई म्हणाली.

"सासूला," वहिनी त्याच क्षणी म्हणाली.

सर्जनबाईंनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "पेशंट कोण?"

"मी."

"मग सासूचं धरत नाहीत. सासूकडून हा आजार येत नाही."

"हुश्श," वहिनी म्हणाली. "म्हणजे त्यांच्याकडून मला या वन्संच तेवढ्या आल्या."

"तुम्हाला मात्र आईचं धरतात," सर्जनबाई टेपताईला म्हणाल्या. "तुम्ही स्वतःची तपासणी केलीत कधी?"

"माझं राहू द्या हो." टेपताईनं मापाची वही उघडून पेन्सिल जिभेला लावली. "बाई, आमच्या दुकानाची रीत आहे. एकीनं बोलायचं, दुसरीनं परत म्हणायचं. तुम्ही बोला."

सर्जनबाईंना गंमत वाटली असावी. त्या खुर्चीत सरसावून बसल्या. "बरं. डावी बाजू."

"डावी बाजू!"

दाराबाहेरून सिस्टरनं डोकावून बघितलं.

"वरचा, काखेकडचा भाग."

"वरचा, काखेकडचा!"

"गाठ दोन पूर्णांक दोन."

"गाठ सव्वादोन इंच!" हे म्हणताना टेपताईचा आवाज फाटला. वहिनीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

सर्जनबाई थांबल्या. "काय म्हणालात?"

"सव्वादोन इंच."

"इंच?"

टेपताईनं पिशवीतून शिवलेला स्तन काढून टेबलावर ठेवला. "हे बघा ना. मापात फरक नसतो आमच्या."

सर्जनबाईंनी तो उचलला. दाबला. आतलं बटण बोटांना लागल्यावर त्यांच्या भुवया पार केसांत गेल्या. "ही गाठ? अहो, एवढी असती तर तुमच्या वहिनींनी ती आंघोळीत नाही, रस्त्यावरून चालताना ओळखली असती!" त्यांनी रिपोर्ट टेपताईपुढे सरकवला आणि आकड्यापुढच्या दोन बारीक अक्षरांवर पेनाचं टोक टेकवलं. "सेंटिमीटर. दोन पूर्णांक दोन सेंटिमीटर. तो टेप द्या इकडे."

टेपताईनं गळ्यातला टेप काढून दिला. बाईंनी तो उलटा केला. मागच्या बाजूला बारीक काळ्या रेघा होत्या, शंभर, दीडशेपर्यंत आकडे होते. बावीस वर्षं तो टेप टेपताईच्या मानेला घासत होता, पण ही बाजू तिनं कधी डोळ्यांखालून घातली नव्हती. बाईंनी त्या बाजूनं कागदावर एक रेघ मारली आणि टेप परत दिला. "आता तुमच्या बाजूनं मोजा."

टेपताईनं टेप सुलटा करून लावला. मोजला. काढला, परत लावला.

"बोल ना गं," वहिनी म्हणाली.

"इंच पण नाही." टेपताईचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "सात सूत. सातला पण जरा कमीच."

"काय?"

"सात सूत!"

वहिनीनं टेबलावरच्या बटणवाल्या स्तनाकडे बघितलं, मग कागदावरच्या रेघेकडे, मग नणंदेकडे, आणि तिला जे हसू फुटलं ते काही आवरेना. "वन्सं! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

टेपताईलाही हसू फुटलं. ती हसता हसता खुर्चीवरून अर्धी घसरली. सर्जनबाई आधी गंभीर राहायला बघत होत्या, मग त्यांचा चष्मा डोक्यावरून नाकावर पडला आणि त्याही हसल्या. बाहेर भाऊला हा कल्लोळ ऐकू आला. बायका रडताहेत असं समजून तो दार ढकलून आत धावला.

"काय झालं?"

"सात सूत!" दोघी एकदम ओरडल्या.

 भाऊ दचकून मागे सरकला आणि मिळेल तिथं बसला, ते वजनयंत्र निघालं. काटा खाडकन फिरला.

"ब्याऐंशी," टेपताईनं वाचून सांगितलं.

"ब्याऐंशी!" वहिनीनं परत म्हटलं. मग पुन्हा पाच मिनिटं काही बोलायची सोय राहिली नाही.

हसणं ओसरल्यावर सर्जनबाईंनी पाण्याचे पेले पुढे केले. "आता नीट ऐका. लहान आहे म्हणून दुर्लक्ष करायचं नाही. कॅन्सर आहे, उपचार पुरते घ्यावे लागतील. पण लहान आहे, आणि तपासात काखेतही काही दिसत नाही, म्हणून तुमच्यापुढे निवड आहे." त्यांनी कोरा कागद घेतला. "पहिली वाट. स्तन ठेवायचा, गाठ तेवढी काढायची, भोवती थोडं मार्जिन ठेवून."

"मार्जिन!" दोघींचे डोळे चमकले. शिवणीबाहेर जादा कापड सोडतात ते मार्जिन; दवाखान्यात आल्यापासून हा पहिला ओळखीचा शब्द भेटला होता.

"हो, मार्जिन. गाठीभोवतीचा निरोगी भागही थोडा काढायचा. कापलेल्या कडेला आजार सापडला तर पुन्हा थोडं काढावं लागतं, हे आधीच सांगते. मग त्या जागेवर किरणं द्यायची, आठवड्यातले पाच दिवस, तीन-चार आठवडे. दुसरी वाट. पूर्ण स्तन काढायचा. मग बहुतेक किरणं लागत नाहीत. हवा असेल तर नवा आकारही करून देता येतो. काखेत सगळ्यांनाच बारीक ग्रंथी असतात, त्यातल्या एकदोन दोन्ही वाटांत तपासायला काढू."

टेपताई एकेक वाक्य परत म्हणत लिहीत होती. "आणि केमो?"

"गाठ काढून तिचा पुरता तपास झाला की ठरेल. लागेलच असं नाही. पण ही गाठ तुमच्या शरीरातल्या हार्मोनवर पोसते, तेव्हा ते खाणं तोडणारी गोळी मात्र लागेल. रोज एक, निदान पाच वर्षं."

"आणि आयुष्य?" हे वहिनीनं विचारलं. आत्तापर्यंतचा तिचा हा पहिला प्रश्न होता.

"तुमच्यासारख्या गाठीत आयुष्य दोन्हीकडे सारखं. त्याच जागी परत उगवायची शक्यता पहिल्या वाटेत किंचित जास्त, म्हणून तर किरणं द्यायची."

"आयुष्य दोन्हीकडे सारखं," टेपताईनं परत म्हटलं, लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. "मग पूर्णच काढा, बाई. ठरलं."

सर्जनबाईंनी तिच्याकडे बघितलंच नाही. त्या वहिनीकडे बघत होत्या. "कुणी बायका हे निवडतात, कुणी ते. दोन्ही बरोबर. तुमचं तुम्ही सांगायचं. शुक्रवारपर्यंत विचार करा, दुसऱ्या डॉक्टरांना विचारावंसं वाटलं तरी विचारा."

"करते विचार," वहिनी म्हणाली. "ट्रायल घेतल्याशिवाय मी कुणाचं कापड कापत नाही, मग माझं कशी कापू देईन?"

दारातून बाहेर पडताना बाईंनी टेपताईला हाक मारली. "आणि तुम्ही. पुढच्या मंगळवारी साडेदहाला तपासणीला या." टेपताईनं ऐकलं न ऐकलं केलं आणि चालू पडली. वहिनीनं ऐकलं.

मंगळवार-बुधवार टेपताईनं धोशा लावला. सगळं काढ, एकदाची कटकट मिटव. चपलांच्या दुकानदारानं आपल्या मावसबहिणीची गोष्ट ऐकवली, नवरीची आई कुठल्याशा पाल्याचा रस सांगून गेली. वहिनी सगळ्यांना "हो का?" म्हणायची आणि गाऊनची कळी कापायची. ती सारखी हसायची, कारण नसताना हसायची, सात सूत आठवलं की हसायची.

गुरुवारी दुपारी दुकान जेवणासाठी अर्धं बंद केल्यावर तिनं कापायच्या टेबलावरचं सगळं सामान बाजूला केलं आणि तो शिवलेला स्तन समोर ठेवला. टाके उसवून आतलं थोराड बटण काढलं. डब्यातून सात सुतांचं बटण शोधलं, काखेकडच्या बाजूला खुपसलं आणि टाके मारले. मग खडूनं त्याच्याभोवती मार्जिन आखलं, कात्रीनं तेवढाच तुकडा बटणासकट काढला आणि कडा जुळवून बारीक टाक्यांनी शिवल्या. एक बाजू जरा आत ओढली गेली. तिनं तो आपल्या छातीशी धरून आरशात बघितलं. मग तो बाजूला ठेवून नुसता सपाट हात छातीवर धरून बघितलं, बराच वेळ. भाऊ इस्त्री उचलून उभा होता. ती खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

"वही घे," वहिनी म्हणाली. "मी बोलते. परत म्हण."

टेपताईनं नवं पान काढलं. गिऱ्हाइकाच्या नावापुढे तिनं "वहिनी" लिहिलं.

"डावी बाजू."

"डावी बाजू."

"गाठ सात सूत."

"सातला जरा कमी."

"भोवती मार्जिन ठेवून गाठ तेवढी काढायची. मग किरणं, एक दिवस चुकवायचा नाही. मग गोळी. केमो लागलीच तर तेव्हा बघू. आणि बाकी आहे तसं ठेवायचं."

टेपताईची पेन्सिल थांबली.

"परत म्हण ना."

"नाही म्हणणार."

"वन्सं."

"वन्सं-बिन्सं काही नको! पूर्ण काढायला तुझं काय जातंय? मला निदान झोप तरी लागेल."

"तुझ्या झोपेसाठी माझं कापू?"

टेपताईला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. "आई गेली तेव्हा मी काही करू शकले नाही. आता तूही गेलीस तर मी कुणाशी भांडू? तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

वहिनीनं तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली नाही. ती तिच्या शेजारी येऊन टेबलाला टेकली. "आयुष्य दोन्हीकडे सारखं, असं बाई म्हणाल्या. तू ऐकलंस. तू परत म्हटलंस. तुझ्या हातानं लिहिलंस."

"लिहिलं."

"सासूबाईंना कुणी विचारलं नाही, हे तू मला बावीस वर्षं सांगतेयस. मला विचारलंय, ताई. मला सांगू दे."

टेपताईनं पदराऐवजी हाताशी आलेल्या गाऊनच्या अस्तरानंच डोळे पुसले. नाक ओढलं. आणि मग जे म्हणाली ते नेहमीच्या आवाजात, म्हणजे रस्ता ओलांडून जाईल अशा आवाजात म्हणाली. "मार्जिन ठेवून गाठ तेवढी काढायची! किरणं, एक दिवस चुकवायचा नाही! मग गोळी! बाकी आहे तसं ठेवायचं!"

समोरच्या दुकानातून चपलांवाल्यानं मान बाहेर काढली. "कुणाचं माप चाललंय?"

"माझं!" वहिनी ओरडली आणि हसत सुटली.

टेपताईनं शब्द न् शब्द उतरवून घेतला. शेवटच्या रकान्याशी ती सवयीनं थांबली. "डिलिव्हरी कधीची लिहू?"

"तारीख मोकळी ठेव," वहिनी म्हणाली. "मला घाई नाही. वर्षानुवर्षं लागली तरी चालेल."

टेपताईनं रकाना मोकळा ठेवला. शाई वाळायची नव्हती, पेन्सिलच होती, तरी तिनं पानावर फुंकर घातली आणि पान उलटलं. पुढच्या पानावर वहिनीच्या गिचमिड अक्षरात आधीच काहीतरी लिहिलेलं होतं. गिऱ्हाईक, टेपताई. मंगळवार, साडेदहा.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"एकटीनं लिहिलेलं दुकानात चालत नाही."

"म्हणून तर," वहिनी म्हणाली. "परत म्हण."

टेपताईनं भाऊकडे बघितलं. त्यानं इस्त्री खाली ठेवली होती आणि तो दोघींकडे बघत मान डोलवत होता. मग तिनं गळ्यातला टेप काढून वहिनीच्या हातात दिला.

"मंगळवार," ती म्हणाली. "साडेदहा."